मिठाच्या जागी काय?

(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘स्वयंपाक’ म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मी सॉफ्टवेअरवाला, मग नोकऱ्या, एआय, इंटरव्ह्यू कसा द्यावा अशा कशावर तरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा बरं बोलतात. घरात एखादी वस्तू नसली किंवा चालत नसली, तर तिच्या जागी दुसरी घालताना काय होतं, हे मी गेल्या काही वर्षांत शिकलो. त्यातला एक धडा फार महाग पडला. तो आज सांगणार आहे.

आम्ही चिपळूणचे. घरात कोकणी बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून अम्मीचं बोलणंही मराठीतच सांगतो. अम्मीचा स्वयंपाक अंदाजाचा. किती मीठ? अंदाजाने. किती वेळ परतायचं? वास येईपर्यंत. इंजिनिअरिंगला असताना मी या उत्तरांना हसायचो. मला ‘दोन टीस्पून, मध्यम आच, सात मिनिटं’ असं लिहिलेलं हवं असायचं. मापाने लिहिलेल्या कृतीची अडचण अशी की तिच्यातली एक वस्तू घरात नसली की ती तिथेच थांबते. अम्मीला थांबलेलं मी कधी बघितलं नव्हतं. का, ते मला २०२१ च्या जुलैमध्ये कळलं.

त्या वर्षी २१ जुलैला बकरी ईद होती. मी लॉकडाऊनपासून घरूनच काम करत होतो. ईदच्या रात्री पाऊस थांबेना आणि २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. तुमच्यापैकी चिपळूणचे कोणी असतील तर त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आमचं घर तळमजल्याचं. आम्ही वरच्या काकूंकडे चढलो आणि खाली फ्रिज तरंगताना बघितला, आत ईदचं मटण. पाणी ओसरल्यावर चिखल आणि वास, दुसरं काही नव्हतं. वीज नाही, मिक्सर गेलेला, गॅसचा सिलिंडर काकूंचा.

मदत मात्र आली. कोण कुठून आलं याचा हिशोब ठेवला नाही. मशिदीतून आली, मंडळांकडून आली, लांबच्या गावांहून टेम्पो आले. आम्हाला मिळालेल्या पहिल्या पिशवीत गव्हाचं पीठ, थोडे तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, हळद-तिखटाची पाकिटं, मेणबत्त्या, काडेपेटी आणि बिस्किटांचे भरपूर पुडे होते. मीठ नव्हतं. भरणाऱ्याच्या हातून राहिलं असेल, किंवा एवढं तर घरात असेलच असं त्याला वाटलं असेल. आमचं मीठ पुराबरोबर गेलं होतं. कोकमही गेलं होतं, आणि आमच्याकडे कोकमाशिवाय आमटी होत नाही.

अम्मीने डाळ शिजत घातली आणि काकूंना विचारलं, लोणच्याची बरणी आहे का? लिंबाच्या लोणच्याच्या फोडी संपलेल्या, तळाला खार उरलेला. अम्मीने बरणीत गरम पाणी घालून ती खळखळून हलवली. तो खार डाळीत घातला की मीठही आलं, आंबटही आलं, थोडा मसालाही. मी लगेच ओतायला निघालो तर माझा हात धरला. ‘डाळ आधी मऊ होऊ दे. आंबट आधी पडलं तर ती शिजणारच नाही.’ हे खरंच आहे. आम्लात डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. चिंच, कोकम, टोमॅटो डाळ शिजल्यावर घालतात ते याच कारणाने. अम्मीला आम्ल हा शब्द माहीत नाही. आंबट डाळीला काय करतं हे तिला पक्कं माहीत आहे.

अंगणातल्या माडांना पुराचं काहीच वाटलं नव्हतं, नारळ होते. वाटणार कशावर? मागच्या पडवीतून चिखलात रुतलेला पाटा-वरवंटा आम्ही दोघांनी ओढून काढला, तीन पाण्यांनी धुतला, उकळतं पाणी ओतलं. मी वाटायला बसलो. वीस मिनिटांत खांदे भरून आले. आमच्या घरात मिक्सर येईपर्यंत हे काम दादीने रोज केलं होतं, आणि त्याबद्दल घरात कधी कोणी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

भाकरीसाठी तांदळाचं पीठ नव्हतं. गव्हाचं पीठ पातळ कालवून अम्मीने घावणे काढले. तांदळाच्या घावण्याला जाळी पडते, गव्हाचा चिवट होतो, कारण पाणी घालून घोटलं की गव्हाच्या पिठाला तार येते. पहिला घावणा चामड्यासारखा झाला. दुसऱ्या वेळी तिने पीठ कमीत कमी हलवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. तो बरा झाला. मुलांनी बिस्किटं खाऊन कंटाळल्यावर तिने पुडे कुटून दुधाच्या पावडरीत त्यांची खीर केली. बिस्किटात साखर, मैदा, तूप किंवा तेल सगळं असतंच, वेगळं काही घालावं लागलं नाही.

एका बाबतीत मात्र मी तिचं ऐकलं नाही. पिंपातले वर्षाचे तांदूळ भिजले होते. तिला ते उन्हात वाळवायचे होते. मी नाही म्हणालो. त्या पाण्यात गटार होतं, डिझेल होतं, मेलेली जनावरं होती. उन्हाने तांदूळ वाळतो, त्यातली घाण जात नाही. अब्बा आणि मी मिळून ते फेकले. घर गेलं, फर्निचर गेलं तेव्हा अम्मी रडली नव्हती. तांदूळ फेकताना रडली.

आता जरा विषयांतर. माझे मामू आखातात होते. अम्मी त्यांना दर सुट्टीनंतर मसाला करून द्यायची, आणि त्या मसाल्यातून खसखस वगळायची. यूएई आणि सौदीत खसखस न्यायला बंदी आहे. ती अफूच्याच झाडाचं बी, त्यामुळे तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि सामानात सापडली तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल तर आईने प्रेमाने दिलेला गरम मसाला नीट तपासून घ्या, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय. खसखशीचं काम रस्सा दाट करणं आणि थोडा स्निग्धपणा देणं, मग अम्मीने मगज घातला, नाही मिळाला तर भाजलेले पांढरे तीळ. तिळाचा वास उग्र, म्हणून निम्मे. मामू म्हणायचे, फरक कळतो, पण जेलपेक्षा बरा.

हे सांगितलं की आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, ‘मग ते अस्सल राहिलं नाही.’ मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली, अमेरिका खंडातून. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा होता. बटाटा आणि काजूही तिकडचेच, बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. ज्या दिवशी आपल्या कोणा पूर्वजाच्या बायकोने मिऱ्यांच्या जागी लाल मिरची वाटली असेल, त्या दिवशी तिलाही कोणी म्हणालं असेल, हे अस्सल नाही. ग्रुपवर मी हे लिहिलं तर दोन चाचांनी मला ब्लॉक केलं. असो.

आता मूळ मुद्दा.

२०२२ च्या शेवटी अम्मीच्या तपासण्या झाल्या. ब्लडप्रेशर जुनंच होतं, आता कळलं की किडनीचं काम कमी झालंय. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा. तीन शब्द, आणि पुढचा पेशंट आत. सुका बोंबील, सुकट, सोडे, पापड, लोणचं सगळं बंद. कोकणातल्या बाईच्या कपाटातून सुकी मासळी काढणं म्हणजे काय हे कोकणातल्यांनाच कळेल. अम्मीने एक पिशवी वरच्या काकूंना दिली, एक शेजारी दिली, आणि स्वयंपाकघरात यायचंच कमी केलं.

मग प्रश्न आला, करणार कोण? आपा पनवेलला असते. सगळ्यांनी गृहीत धरलं की ती दर शनिवार-रविवार येईल, आणि ती आलीही, दोन महिने, नोकरी आणि दोन मुलं सांभाळून. बाकीच्या दिवशी माझी बायको करेल असंही गृहीत धरलं होतं. ती बँकेत आहे. तिने एका रात्री शांतपणे सांगितलं, ‘अम्मींचं पथ्य आहे. तू त्यांचा मुलगा आहेस. तू घरून काम करतोस. तू शिक.’ मला राग आला. रागावण्यासारखं त्यात काय होतं, हे मला अजून सांगता येत नाही.

सरकारचं २०१९ चं एक सर्वेक्षण आहे, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याचं. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. हे ९७ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचं आहे. आणि करणारे पुरुष शंभरात २६. मी तेव्हा उरलेल्या ७४ मध्ये होतो, आणि स्वतःला बऱ्यापैकी सुधारलेला समजत होतो.

तर मी शिकायला लागलो. पण कसा, ऐका. मी इंटरनेटवर शोधलं, मिठाला पर्याय काय. कमी सोडियमचं मीठ मिळतं असं कळलं. दुकानातून एक पाकीट आणलं. पाकिटावर पुढे ब्लडप्रेशरबद्दल मोठ्या अक्षरात छान लिहिलेलं. घरी आलो, बरणीतलं जुनं मीठ काढलं, नवीन भरलं, आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर अम्मी कुरकुर करेल, कळलं नाही तर तिला फरकच जाणवणार नाही, असा माझा हुशार विचार. आमच्या कामात कोणाला न विचारता चालू सिस्टिममध्ये परस्पर बदल करणाऱ्याला काय म्हणतात ते इथे सांगत नाही, समोर लहान मुलंही बसली आहेत.

दोन महिन्यांनी अम्मीला फार गळल्यासारखं व्हायला लागलं. जिना चढताना पाय लटपटायचे. रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.१. पाचपर्यंत ठीक असतं. त्याच दिवशी दवाखान्यात भरती, छातीला वायरी लावलेल्या, कारण पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, थांबूही शकतात. डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काही बदल केला का? अब्बा नाही म्हणाले. आपा नाही म्हणाली. अम्मी नाही म्हणाली. मी भिंतीला टेकून उभा होतो. मग मी सांगितलं.

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. खारट दोन्ही लागतात. किडनी धड असेल तर जादा पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि हे मीठ फायद्याचंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत नेहमीच्या मिठाऐवजी असं मीठ वापरायची शिफारसही केली, पण त्यात किडनीचा आजार असलेल्यांना, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना वगळलं आहे. अम्मीची किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नव्हती. वर तिची ब्लडप्रेशरची गोळी पोटॅशियम वाढवणाऱ्यांपैकी एक. हे सगळं पाकिटाच्या मागे लिहिलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. मला इंग्रजी येतं. मी पाकीट उलटून बघितलं नाही.

आणि आता सर्वात लाज वाटावी अशी गोष्ट. तिसऱ्या दिवशी अम्मीला बरं वाटलं तेव्हा ती म्हणाली, ‘ते मीठ तू बदललं होतंस होय? मला वाटलं बरणीला कसला वास लागलाय. मागून कडवट लागायचं. आणि खारट कमी, म्हणून मी आणखी चिमूटभर टाकायचे.’ पोटॅशियम क्लोराइडची चव कडसर असते, पुस्तकात लिहिलंय. तिच्या जिभेने पहिल्याच दिवशी ते पकडलं होतं. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी तिला न विचारता तिच्या स्वयंपाकात हात घातला, आणि ती मला न सांगता ते दुरुस्त करत राहिली. दोघांनी मिळून पोटॅशियम वाढवलं.

अम्मी घरी आली. त्यानंतर मी जे केलं ते पहिल्यापासून करायला हवं होतं. भाजीचा छोटा वजनकाटा आणला आणि अम्मीला म्हटलं, तू नेहमीसारखंच मीठ घे, फक्त आधी या वाटीत टाक. आठवडाभर मोजलं. तिची चिमूट, तीन बोटांची, दर वेळी जवळपास तेवढीच भरायची. ज्याला मी अंदाज म्हणत होतो ते चाळीस वर्षांचं माप होतं. चौघांच्या स्वयंपाकात दिवसाला ३८ ग्रॅम साधं मीठ जात होतं, पापड-लोणचं सोडून. म्हणजे माणशी साडेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत म्हणते, एक छोटा चमचा. अम्मीचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलं, पण बाकीच्या तिघांनीही खाली यायचं ठरवलं. दर आठवड्याला चारेक ग्रॅम कमी केले. तक्रार फक्त अब्बांनी केली, तीही पाचव्या आठवड्यात.

मीठ कमी केल्यावर रिकाम्या जागी काय घालायचं, यावर अम्मी आणि मी मिळून बसलो. तिने एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली: मीठ सगळीकडे एकच काम करत नाही. लोणच्यात ते राखणदार असतं. तिथे कमी केलं तर लोणचं नासतं, तेव्हा तिथे कमी करायचंच नाही, अम्मीने लोणचं खायचं नाही. मासळी सुकवताना ते पाणी ओढतं. कणकेत ते पिठाला घट्टपणा देतं, पण तांदळाच्या भाकरीत त्याचं काहीच काम नाही, तिथली उकड गरम पाण्यावर जमते. म्हणून भाकरीतलं मीठ पूर्ण बंद केलं, कोणाला कळलंही नाही. आमटीत ते फक्त चवीला असतं, तिथेच पर्याय चालतो. लिंबाचे थेंब उतरवताना, कारण लिंबू उकळलं की कडू होतं. लसूण लालसर होईपर्यंत. धणे-जिरे ताजे भाजून. आणि जे काही मीठ आहे ते शिजताना न घालता शेवटी वरून, म्हणजे ते जिभेला आधी लागतं.

बटाट्यात पोटॅशियम भरपूर. अम्मीसाठी तो बारीक चिरून, भरपूर पाण्यात भिजवून, पुन्हा नव्या पाण्यात उकळून, दोन्ही पाणी फेकून मग वापरायचा. अम्मीला पाणी फेकताना त्रास होतो, ‘सगळं सत्त्व चाललं.’ सत्त्वच घालवायचंय, असं मी सांगतो. शहाळं बंद. कोकणात राहून शहाळं बंद. त्याला मला आजपर्यंत पर्याय सापडलेला नाही, आणि आहे असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

आता आपा महिन्यातून एकदा येते, आणि आली की बसून राहते. आठवड्यातले चार दिवस स्वयंपाक माझा, दोन दिवस बायकोचा, एक दिवस अब्बांचा. अब्बांना खिचडीच येते, तर त्या दिवशी खिचडी. बरणीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे, मराठीत आणि उर्दूत, ‘साधं मीठ, बदलू नये.’ त्याखाली अम्मीने पेनाने लिहिलंय, ‘विचारल्याशिवाय.’

वेळ झाला अशी खूण होतेय. मी तोच वजनकाटा आणि एक मिठाची वाटी घेऊन आलोय, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवतो. ज्यांना आपली चिमूट किती ग्रॅमची आहे ते बघायचं असेल त्यांनी यावं. मुलांनी आधी यावं, मुलींना बहुतेक माहीत असेल. माझी पहिल्यांदा चार ग्रॅम भरली होती, आणि ती एका अंड्याच्या ऑम्लेटसाठी होती.